मोकळी जागा कोणाची?

शहरात एखादी जागा ओसाड दिसली की लोक म्हणतात, ‘ही कोणाचीच नाही.’ कायदा मात्र सांगतो, ती सर्वांची आहे. हा फरक ज्याला आधी कळतो तो जागा बळकावतो; ज्याला उशिरा कळतो त्याच्या दाराशी उकिरडा उरतो.

धाराशिव जिल्ह्यात आठ नगरपरिषदा आणि वाशी व लोहारा या दोन नगरपंचायती आहेत. ले-आउट मंजूर करताना खुली जागा सोडावी लागते. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4000 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडात ती किमान 10 टक्के हवी. नकाशावर ती बाग असते. प्रत्यक्षात वेड्या बाभळी, प्लास्टिक आणि डबकी. मग एक टपरी येते, मग कुंपण, मग पक्के बांधकाम. धाराशिव शहरातून वाहणाऱ्या भोगावतीचीही गटारगंगा झाली. आणि शहराचा उकिरडा नेमका गोरगरिबांच्या वस्तीलाच का चिकटतो? हा योगायोग नव्हे, ही जुनीच गावकुसाबाहेरची व्यवस्था आहे.

सार्वजनिक जागेचा लढा आपल्याला नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे. तळे सार्वजनिक आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. तो दावा 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. पुढे राज्यघटनेच्या कलम 15(2) ने विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे जातिभेदाविना सर्वांना खुली केली. पण जागाच शिल्लक राहिली नाही तर हा हक्क बजावायचा कुठे?

कायदा दुबळा नाही. बंगळुरूत उद्यानासाठी राखीव भूखंड खासगी रुग्णालयाला देण्यात आला, तेव्हा रहिवासीच न्यायालयात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार रद्द ठरवला. आपल्याकडे नगरपरिषद अधिनियम 1965 चे कलम 92 पालिकेला स्थावर मालमत्ता मनमानेल तशी विकू देत नाही. आणि उकिरड्याचे काय होऊ शकते, हे धारावीला लागून असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाऊन पाहावे. एकेकाळच्या कचराभूमीवर सुमारे 37 एकरांत आज झाडी उभी आहे.

आमच्या दुष्काळी जिल्ह्याला कारंजी आणि विलायती गवत नको. धाराशिव शहराची तहान भागवायला उजनीचे पाणी दुरून आणावे लागते, तिथे मोकळ्या जागेत पाऊस मुरवणारे खड्डे, लिंब, पिंपळ, चिंच आणि म्हाताऱ्यांसाठी एक पार पुरे. मुलींना निर्धास्त खेळता येईल असा उजेड हवा.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आपल्या अनेक वस्त्यांतील समाजमंदिरे 14 एप्रिलला उघडतात आणि एरवी कुलूपबंद असतात. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील पोर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली का करील? त्याच इमारतीत अभ्यासिका चालू शकते. नवीन कमानीसाठी वर्गणी गोळा करणारे हात कुलूपही उघडू शकतात.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. माहिती अधिकारात आपल्या प्रभागाचे मंजूर ले-आउट आणि विकास आराखड्याची प्रत मागा. जागा मोजून घ्या. महिला मंडळ आणि तरुणांची समिती करून देखभालीचा लेखी प्रस्ताव नगरपरिषदेत दाखल करा आणि पोच घ्या. प्रस्ताव पडून राहिला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. टपरी उभी राहिल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा आधी झाड लावलेले बरे. जागा आपली आहे. ती वापरात ठेवणे हाच तिच्यावरचा खरा ताबा.