वेगावरचा पहारा : लपून की उघड?

महामार्गावर समोरून येणाऱ्या ट्रकने भर दिवसा दोनदा दिव्यांची उघडझाप केली, की तिचा अर्थ वाहन चालविणाऱ्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पुढे कोठेतरी, पुलाच्या सावलीत किंवा वळणापलीकडच्या झाडाखाली, वेग टिपणारी पोलिसांची गाडी उभी आहे, एवढा निरोप त्या उघडझापीत असतो. तो मिळताच पाय आपोआप ब्रेककडे जातो, वेगाचा काटा शंभराच्या आत येतो आणि मोटार त्या गाडीसमोरून अत्यंत सोज्ज्वळ चेहऱ्याने पुढे सरकते. दोन किलोमीटर गेल्यावर काटा पुन्हा आपल्या जुन्या जागी असतो. ज्याने इशारा दिला तो ट्रकचालक सर्वस्वी अनोळखी. त्याच्या गाडीवरची पाटी कोणत्या राज्याची होती हेही कोणी पाहिलेले नसते. अपघातात सापडलेल्या माणसाजवळ थांबायला कचरणारा समाज अनोळखी माणसाचा दंड वाचविण्यासाठी मात्र इतका तत्पर असतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हे इशारे देणारे आणि घेणारे लोक गुन्हेगार वृत्तीचे असतात असे मुळीच नाही. वाटेत पाकीट सापडले तर पत्ता शोधून ते परत करणारी, आयकर वेळेवर भरणारी, रांगेत निमूटपणे उभी राहणारी माणसे त्यांत असतात. चोरी, लाचखोरी यांबद्दल त्यांना मनापासून तिटकारा असतो. परंतु ताशी शंभराच्या मर्यादेत एकशे पंधराने जाणे हा अपराध आहे असे त्यांना आतून कधी वाटतच नाही. म्हणूनच मोबाइलवर दंडाचा संदेश येतो तेव्हा त्यांच्या मनात पश्चात्ताप उमटत नाही. आपण फसविले गेलो असा संताप उमटतो. कायदा मोडणाऱ्याला पश्चात्तापाऐवजी संताप का वाटावा, याचा शोध घेतल्याशिवाय या प्रश्नाची उकल होणार नाही.

तक्रारींचे गाठोडे

वाहनचालकांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्यांत काही बहाणे आहेत आणि काही तथ्येही आहेत. पहिली तक्रार लपण्याची. सरकारला वेग कमी व्हायला हवा असेल तर गाडी दिसेल अशी उभी करावी. ती आडोशाला उभी राहते त्या अर्थी वेग कमी न होता पावती फाटावी, हाच हेतू असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. दुसरी तक्रार पैशाची. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी मोटार वाहन कायद्याप्रमाणे अतिवेगाच्या पहिल्या गुन्ह्याला चारशे रुपयांपर्यंत दंड होता. दुरुस्तीनंतर हलक्या वाहनांना तो एक ते दोन हजार आणि मध्यम व अवजड वाहनांना दोन ते चार हजार झाला. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या टॅक्सीचालकाला किंवा कारकुनाला ही रक्कम किरकोळ नाही. तिसरी तक्रार विलंबाची. पूर्वी शिपाई गाडी थांबवी, चार शब्द सुनावी, पावती देई. अपराध आणि शिक्षा यांची गाठ जागच्या जागी पडे. आता गाडी न थांबता पुढे निघून जाते आणि चलन केव्हातरी मागाहून येते. त्या दिवशी त्या ठिकाणी गाडी कोण चालवीत होते, याचीही आठवण तोवर पुसट झालेली असते.

चौथी तक्रार सर्वांत बोचरी आहे. उसाने भरलेली, मागे एकही दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली रात्री रस्ता अडवून चालली आहे, डावीकडे राहण्याऐवजी कंटेनर उजव्या मार्गिकेत ठाण मांडून बसला आहे, दुचाकीस्वार उलट दिशेने येतो आहे. आणि आडोशाच्या गाडीतल्या यंत्राला मात्र फक्त वेग दिसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही भावना येथून जन्म घेते. या साऱ्या असंतोषाला संघटित रूपही आले. जुलै २०२५ मध्ये राज्यातील वाहतूकदारांनी ई-चलनाच्या जाचाविरुद्ध बंद पुकारला होता.

पहाऱ्याचा जुना इतिहास

हे भांडण आजचे नाही. मोटार रस्त्यावर आली त्याच सुमारास ते सुरू झाले. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारींना ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. मग पोलीस कुंपणाआड दडून बसत, ठराविक अंतर मोटार किती सेकंदांत कापते ते हातातल्या घड्याळावर मोजत आणि पुढच्या शिपायाला खूण करून मोटार अडवीत. या सापळ्यांपासून सभासदांना वाचवावे म्हणून १९०५ साली लंडनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पुढे रस्त्यात बंद पडलेल्या मोटारींना मदत करणारी म्हणून नावाजलेल्या या संस्थेचे मूळ काम सायकलवर स्वार नेमून पोलिसांचे सापळे हुडकण्याचे होते. असा इशारा देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असा निर्णय १९१० च्या सुमारास न्यायालयाने दिला, तेव्हा संस्थेने नामी तोड काढली. तिचे स्वार सभासदाची मोटार दिसली की सलाम करीत. स्वाराने सलाम केला नाही, तर थांबून त्याला कारण विचारावे, अशी सूचना सभासदांना देण्यात आली. न केलेल्या सलामाबद्दल खटला कोण भरणार? आपल्याकडच्या दिव्यांच्या उघडझापीचे कूळ असे फार जुने आहे.

या इतिहासात आणखी एक बाब आहे आणि ती वाहनचालकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणालाही अतिवेगासाठी दोषी ठरवू नये, अशी तरतूद त्याच १९०३ च्या कायद्यात होती. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८३ मध्येही हेच तत्त्व आहे. साक्षीदाराचा अंदाज यंत्राच्या मोजणीवर आधारलेला असेल तरच तो पुरेसा मानला जातो. म्हणजे ज्या यंत्रावर आज इतका राग आहे, त्याची गरज चालकाच्या संरक्षणासाठी निर्माण झाली. शिपायाच्या नजरेला, रागालोभाला आणि खिशाला वाव राहू नये, यासाठी मोजमाप आले. लेसर किरणांचे सूक्ष्म झोत वाहनावर पडून परत येण्यास किती वेळ लागतो, यावरून यंत्र वेग काढते. गाडी मंत्र्याची की मास्तरांची, हे त्याला कळत नाही. यंत्राची वेळोवेळी तपासणी झालेली असावी, एवढाच आग्रह येथे धरता येईल. कारण मापात पाप असेल तर तराजूच निरुपयोगी ठरतो.

वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची जन्मकथाही गमतीची आहे. मॉरिस गॅट्सोनिडिस हा डच शर्यतपटू, १९५३ च्या माँटे कार्लो रॅलीचा विजेता. वळणावर आपला वेग नेमका किती असतो हे कळावे आणि तो आणखी वाढविता यावा, यासाठी त्याने मोजणीचे साधन तयार केले. १९५८ साली त्याने कंपनी काढली आणि पुढे तिच्या कॅमेऱ्यांनी जगभरच्या वेगवान चालकांची झोप उडविली. वेगाच्या वेडातूनच वेगाचा पहारेकरी जन्मास आला.

नऊ मिनिटांचा हिशेब

चालकांच्या तक्रारींत तथ्य असले, तरी वेगाचे समर्थन त्यांतून होत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरांचा आहे. घाट नाही, गर्दी नाही अशी कल्पना केली, तरी ताशी १०० च्या वेगाने त्याला ५७ मिनिटे लागतात आणि १२० च्या वेगाने साधारण साडेसत्तेचाळीस. वाचतात ती जेमतेम साडेनऊ मिनिटे; वाटेत चहाचा एक कप अधिक घेतला तर ती संपतात. त्यांची किंमत पाहा. ताशी १०० च्या वेगात मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. समोर काही आडवे आले आहे हे मेंदूला उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातो, म्हणजे तेवढे अंतर मोटार पूर्ण वेगानेच धावते. शिवाय आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. वेग १०० वरून १२० झाला म्हणजे वेगात वाढ वीस टक्क्यांची. परंतु शक्तीत वाढ होते ती चव्वेचाळीस टक्क्यांची.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण म्हणून अतिवेगाची नोंद झाली. पोलीस ठाण्यातल्या कागदावर 'अतिवेग' हा रकाना भरणे सर्वांत सोपे असते, हे मान्य करूनही हा आकडा झटकून टाकता येण्यासारखा नाही. यांतले कित्येक जण स्वतः वेगात नव्हतेच. रस्ता ओलांडणारी बाई, सायकलवरचा विद्यार्थी, कडेने चाललेला मजूर यांना इशारा देण्यासाठी कोणी दिव्यांची उघडझाप करीत नाही.

भरारी पथक आणि वर्गशिक्षक

मग पहारा कसा असावा? शिक्षकांना हे सहज उमगेल. परीक्षेला भरारी पथक येणार अशी कुणकुण लागली की केंद्रावर दहा मिनिटे सारे आलबेल असते. पथकाची गाडी फाटकाबाहेर पडली की चिठ्ठ्या पुन्हा बाहेर येतात. ज्या वर्गात पर्यवेक्षक अखेरपर्यंत शांतपणे फिरत राहतो, तेथे पथकाची गरजच भासत नाही. आडोशाची गाडी हे भरारी पथक आहे. ती धाक घालते, पण दोन किलोमीटरांपुरता.

ब्रिटनने हा धडा वादावादीतून घेतला. १९९२ मध्ये लंडनच्या पश्चिमेकडील ट्विकनहॅम पुलावर तेथला पहिला वेग-कॅमेरा बसला. पुढे दंडाच्या पैशातूनच कॅमेऱ्यांचा खर्च भागविण्याची पद्धत आली आणि कॅमेरे ही सरकारची दुभती गाय आहे, असा गिल्ला सुरू झाला. २००१ मध्ये कॅमेरे पिवळे रंगवावेत आणि ते स्पष्ट दिसावेत, असे सरकारने ठरविले. २००७ मध्ये दंडाची रक्कम आणि कॅमेऱ्यांचा खर्च यांचा थेट संबंधही तोडण्यात आला. मर्यादा थोडीशी ओलांडणाऱ्याला दंडाऐवजी वेगाच्या धोक्यांविषयीच्या वर्गाला बसण्याचा पर्यायही पोलीस देऊ शकतात. दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आले, तेव्हा एका जागी सोज्ज्वळ होण्याची युक्तीही फिकी पडली.

आपल्याकडे अशा उघडेपणाला कायद्याचा आधार आधीपासूनच आहे. वेगमर्यादा ठरविताना तिच्या पाट्या योग्य ठिकाणी लावाव्यात, असे कलम ११२ सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने नियमांत भर घातली, तेव्हा यंत्राच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवेत, यंत्राला दरवर्षी नव्याने प्रमाणपत्र हवे आणि अपराधाची सूचना पंधरा दिवसांत धाडावी, असे बजावले. २०२४ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कमानींवरचे कॅमेरे सुरू झाले, तेव्हा निदान लपण्याची तक्रार तेथे उरली नाही. डोक्यावरची कमान कोणालाही दिसते. जे कमानीला जमले ते रस्त्याकडेच्या गाडीलाही जमायला हवे. ती मोकळ्यावर उभी असावी, तिच्याआधी फलक असावा, शंभराची मर्यादा घाटाशी खाली येते तेथे ती टप्प्याटप्प्याने उतरावी आणि दंडापोटी जमलेल्या पैशातून कोणते वळण सुधारले, कोठे दुभाजक घातला, हे लोकांना सांगितले जावे. उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा लावायला त्याच पोलिसांनी तितक्याच कडकपणे भाग पाडावे. इतके केल्यावर चालकाजवळ फक्त बहाणे उरतील आणि बहाण्यांची दखल घेण्याचे कारण कोणालाही राहणार नाही.

अशा गाडीचे यश फाटलेल्या पावत्यांच्या संख्येवर मोजणे ही मुळातली चूक आहे. ज्या दिवशी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी राहील आणि एकही पावती न फाडता परत जाईल, तो तिच्या यशाचा दिवस होय. त्या दृष्टीने पाहता दिव्यांची उघडझाप करणारा तो अनोळखी ट्रकचालक नकळत सरकारचेच काम करीत असतो. त्याच्या इशाऱ्याने दोन किलोमीटरांपुरता का होईना, वेग उतरतो. त्या दोन किलोमीटरांत रस्ता ओलांडणारे मूल सुखरूप पलीकडे पोहोचले असेल, तर सावध करणाऱ्याचे आणि सावध झालेल्याचे दोघांचेही त्यात पुण्य आहे. प्रश्न उरतो तो तिसऱ्या किलोमीटरचा. तेथे गाडी नसते, कमान नसते, समोरून कोणी दिवाही दाखवीत नाही. रस्ता ओलांडणारे मूल मात्र तेथेही असते.