दुखणं म्हणजे काडीमोड नव्हे!

नेवाशाला पैस खांबाच्या दर्शनाला गेलेल्या बहुतेक जणींनी सच्चिदानंदबाबांची आख्यायिका ऐकलेली असते. सती निघालेल्या त्यांच्या पत्नीला ज्ञानेश्वरांनी सौभाग्याचा आशीर्वाद दिला, नवरा उठून बसला आणि पुढे तोच ज्ञानेश्वरीचा लेखक झाला! नवऱ्याच्या जिवासाठी बायकोनं काय करावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण बायकोच आजारी पडली तर?

पुष्कळदा तिला ‘बरी होईपर्यंत’ म्हणून माहेरी पोचवतात, आणि न्यायला कुणी येतच नाही.

यात फार सोसलं ते कुष्ठरोग झालेल्या बायकांनी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात हा रोग घटस्फोटाचं कारण होता. खरं म्हणजे बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, तिथे बऱ्या झालेल्या रोग्यांचे संसारही थाटले गेले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एकत्रित औषधांची शिफारस केली आणि रोग हमखास बरा होऊ लागला. कायद्यातलं कलम मात्र २०१९ पर्यंत तसंच होतं! त्या वर्षी संसदेनं ते पाच कायद्यांतून काढून टाकलं.

म्हणून मैत्रिणींनो, अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. सहा किंवा बारा महिन्यांचा उपचार असतो, आणि गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. उशीर केला तर मात्र हातापायांना कायमचं अधूपण येऊ शकतं.

आता इतर दुखण्यांचं. हात-पाय अधू होणं किंवा दृष्टी जाणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण कधीच नव्हतं. मानसिक आजाराचं कलम अजून आहे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव असणं पुरेसं नाही, एकत्र राहणं अशक्य व्हावं इतका तो गंभीर हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सांगितलं आहे.

तेव्हा कुणी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका. दवाखान्याचे कागद स्वतःजवळ जपून ठेवा. स्वतःचं उत्पन्न नसेल तर नवऱ्याकडून पोटगी मागता येते. न्यायालयात विधी सेवा समितीकडून बाईला वकील मोफत मिळतो, मग तिची मिळकत कितीही असो. आणि शेजारची सून दुखणं घेऊन माहेरी गेली असेल, तर कुजबुज करण्यापेक्षा एवढी माहिती तिच्यापर्यंत पोचवा.