दोन स्लॉटांचं दशक

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबला आणि मूर्तिजापुरातल्या कितीतरी काउंटरांवरचे लॅपटॉप काहीही न बिघडता जुने ठरले. त्या आठवड्यात एका कृषी सेवा केंद्राच्या मालकाने आपला थिंकपॅड टी४७० माझ्यासमोर ठेवला. बिजागऱ्या घट्ट, कीबोर्डची एकही कळ हललेली नाही, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची चिपसुद्धा आत होती. अडलं ते प्रोसेसरवर. तो इंटेलच्या सातव्या पिढीचा होता आणि नियमाला आठवी पिढी हवी होती. "मशीन त बराबर चालून राहिली, मंग बदलवाची कायले?" असं त्यांनी विचारलं. त्यांना देण्यासारखं सरळ उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

त्यातच रॅमचे भाव फिरले. २०२३ मध्ये लॅपटॉपची डीडीआर४ ची ८ जीबीची पट्टी दीड-दोन हजारांत हातात पडायची. २०२५ च्या शेवटी तिचा भाव विचारला तर दुकानदार आधी फोन लावायचा आणि मग आकडा सांगायचा, कारण सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नव्हता. या दोन धक्क्यांनी मला मागे वळून बघायला लावलं. स्वस्तात कामाचा लॅपटॉप घ्यायचा, त्यात हळूहळू भर घालायची आणि सात-आठ वर्षं निश्चिंत राहायचं, ही सोय आपल्या गावाला एकेकाळी होती. ती कशी आली आणि कुणी काढून घेतली, हे लिहून ठेवायला हवं.

२०१० च्या आधीचं फार सांगण्यासारखं नाही. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं, गावोगावी क्लास निघाले, विंडोज एक्सपीचे डेस्कटॉप आले. लॅपटॉप म्हणजे पुण्याला नोकरीला लागलेल्या मुलाच्या पाठीवरची वस्तू होती. आपल्याकडे भारनियमन असं होतं की यूपीएस किंचाळला की जेवढं टंकलं तेवढं वाचवायचं आणि उठायचं. आयबीएमने आपला पीसीचा धंदा २००५ मध्ये लेनोव्होला दिला, तेव्हा आता थिंकपॅड संपला असं अनेक जाणकारांनी म्हटलं होतं. आमच्यासाठी तर तो पुढे सुरू व्हायचा होता.

खरं दशक २०११ नंतरचं. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. बंगळूर, हैदराबाद, पुण्यातून असा माल ढिगाने बाहेर पडू लागला. दिल्लीच्या नेहरू प्लेस आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तो नागपूर-अकोल्यापर्यंत पोचला आणि तिथून एक्सप्रेसच्या डब्यात, कुणाच्या तरी बॅगेत, मूर्तिजापूरच्या फलाटावर उतरला. डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, थिंकपॅडची टी आणि एक्स मालिका. नवे असताना लाखाच्या आसपासचे हे लॅपटॉप पंधरा-वीस हजारांत मिळायचे. वरून काळे, चौकोनी, ओबडधोबड. लग्नात आहेर द्यावा असं रूप मुळीच नव्हतं. आतलं काम मात्र बघत राहावं असं होतं.

२०१० चा लॅटिट्यूड ई६४१० उपडा करून एक स्क्रू सैल केला की खालचं अख्खं झाकण सरकून हातात यायचं. रॅम, पंखा, वाय-फायचं कार्ड, सगळं डोळ्यांसमोर. थिंकपॅड एक्स२२० च्या पोटाखाली छोटी खिडकी होती आणि आत रॅमचे दोन स्लॉट. टी४२० ची हार्ड डिस्क बाजूने, एक स्क्रू काढून, रबराच्या पट्ट्यांसकट ओढून घेता यायची. कीबोर्डवर चहा सांडला तरी तो खाली निघून जावा म्हणून मोऱ्या ठेवलेल्या असत. हे बनवणाऱ्याने दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार केला होता, हे प्रत्येक स्क्रूवरून कळायचं.

या गावाला अशी यंत्रं समजतात. इथल्या शकुंतला या छोट्या रेल्वेचं १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन सत्तरएक वर्षं धावलं आणि १९९४ मध्ये डिझेल आलं तेव्हाच थांबलं. जे उघडता येतं ते चालवता येतं, हे इथल्या फिटरांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच काळात बाजारात दुसरा एक माल जोरात खपत होता आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पंचवीस-तीस हजारांचा 'नवा कोरा' लॅपटॉप: सेलेरॉन किंवा पेंटियम प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि मोठ्या अक्षरांत १ टीबी. ती १ टीबी म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि या डिस्कांचा जीव कासावीस झाला. टास्क मॅनेजर उघडावा तर डिस्क शंभर टक्के. चालू होऊन हाताशी यायला पाच मिनिटं. सेवा केंद्रावर पीकविम्यासाठी कापूस-सोयाबीनवाल्यांची रांग दारापर्यंत आणि आत पडद्यावर निळं वर्तुळ फिरतंय, हे दृश्य मी कितीतरी वेळा बघितलं. शेतकऱ्याचा दिवस त्यात जायचा. घेणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. सीलबंद खोका आणि वर्षाची वॉरंटी दाखवून त्याला सांगितलं जायचं की सेकंडहँडच्या नादी लागू नका.

त्याच पैशांत आय-फाइव्हचा जुना टी४५० यायचा. २०१३ च्या टी४४० ने टचपॅडची वेगळी बटणं काढून टाकली होती आणि लोकांनी इतकी ओरड केली की टी४५० मध्ये ती परत आली. तो घ्यायचा, २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी टाकायची, मोकळ्या स्लॉटमध्ये ४ जीबीची आणखी एक पट्टी बसवायची. हे तिन्ही मिळून नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या आत भागायचं आणि यंत्र वीस सेकंदांत उभं राहायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा अडतीपासून हार्डवेअरपर्यंत सगळ्यांना टॅली आणि पोर्टल एकदमच लागलं. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं थ्री-बी विवरणपत्र भरायचं आणि नेमकी त्याच संध्याकाळी लाइट जायची. त्या वर्षी ज्यांनी जुना व्यावसायिक लॅपटॉप घेतला त्यांनी एका हंगामाची डोकेदुखी वाचवली, हे मी माझ्या वहीतल्या नावांवरून सांगू शकतो.

आणि २०१८ चा टी४८०. त्याच्याबद्दल थोडं थांबून लिहायलाच हवं. त्याला दोन बॅटऱ्या असतात. एक पोटात, २४ वॅट-तासांची. दुसरी मागे, दोन खटके सरकवले की निघणारी. मागची संपली तर लॅपटॉप चालू असतानाच ती काढायची, भरलेली लावायची. टॅलीतली नोंद अर्धी असली तरी पडदा मिटत नाही. मागे ७२ वॅट-तासांची मोठी बॅटरी लावली तर यंत्राची मागची बाजू उचलली जाते आणि बोटांना टंकायला उतार मिळतो. रॅमचे दोन स्लॉट. बहुतेकांत आठव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे विंडोज ११ च्या नियमातही बसणारा. मागची बॅटरी अशी निघणारा टी मालिकेतला तो शेवटचा.

लबाडीही या दशकात भरपूर झाली. एका व्यापाऱ्याने नागपूरच्या एका विक्रेत्याकडून एकदम तीन लॅपटॉप आणले. चालू झाले, छान दिसले. बायोसमध्ये शिरायला गेलो तर तिन्हींवर जुन्या कंपनीचा सुपरवायझर पासवर्ड. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. मूळ म्हणून विकलेल्या नकली बॅटऱ्या वर्षभरात फुगल्या. रंग मारून 'ए ग्रेड' केलेली झाकणंही मी पाहिली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेल्या तेव्हा तर हातात येईल त्या मशीनला भाव होता आणि कचराही सोन्यासारखा खपला.

ऱ्हासाची सुरुवात मात्र त्याआधीच झाली होती. २०१९ च्या टी४९० मध्ये रॅमचा एक भाग मदरबोर्डलाच सोल्डर केलेला आला, दुसरा स्लॉट राहिला. मागची बॅटरी गेली. 'एस' लावलेल्या बारीक मॉडेलांत तर पुढे एकही स्लॉट उरला नाही. कंपन्यांचं म्हणणं असं की सोल्डर केलेली रॅम वेगवान असते, वीज कमी खाते, लॅपटॉप पातळ होतो. त्यात तथ्य आहे. पण मूर्तिजापूरच्या बाजारपेठेत आजवर एकाही गिऱ्हाइकाने माझ्याकडे पातळ लॅपटॉप मागितलेला नाही. चौथ्या वर्षी रॅम वाढवता आली पाहिजे, हे मात्र प्रत्येकाला हवं असतं. ८ जीबी सोल्डर केलेलं यंत्र घेणं म्हणजे वाढत्या पोराला शेवटचा शर्ट शिवून देणं. २०२४ मध्ये टी१४ च्या पाचव्या आवृत्तीत दोन स्लॉट परत आले, दुरुस्तीच्या सोयीसाठी आयफिक्सिटने त्याला दहापैकी नऊ गुण दिले. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं. पण ते यंत्र आपल्या खिशाला परवडेल अशा भावात यायला अजून काही वर्षं जावी लागतील.

आणि तोवर रॅम कुठून आणायची? जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हातात आहे. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडे त्यांनी आपले कारखाने वळवले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कुठल्याशा खंडातल्या सर्व्हरसाठी मूर्तिजापूरच्या अडत्याच्या टॅलीची रॅम महाग झाली आहे. यात आपलं मत कुणी विचारलं नाही.

तरीही कामं थांबत नाहीत, म्हणून माझा अनुभव सांगतो. टी४७० किंवा त्याआधीचं यंत्र चांगलं चालत असेल तर घाईने फेकू नका. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिच्यात नोंद करा आणि तोवर पैसे जमवा. घ्यायचाच असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा व्यावसायिक लॅपटॉप बघा आणि विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: स्लॉट किती? झाकण उघडून दाखवायला लावा. थिंकपॅड असेल तर चालू करताना एफ-वन दाबून बायोस पासवर्ड न मागता उघडतो का, ते पैसे देण्याआधी बघा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. टी४८० घेतलात तर थंडरबोल्टचं फर्मवेअर आधी अद्ययावत करून घ्या. जुन्या फर्मवेअरच्या दोषाने त्याचा टाइप-सी पोर्ट बंद पडतो आणि मग बोर्डावरच खर्च येतो. रॅम आज कमी असली तरी चालेल, मोकळा स्लॉट सोडू नका.

आणि घरात, दुकानाच्या माळ्यावर बंद पडलेला लॅपटॉप पडला असेल तर भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी मागचं झाकण उघडा. डिस्क काढून घ्या, तिच्यात तुमचे कागद आहेत. रॅमची पट्टीही काढून घ्या. डीडीआर४ असेल तर ती गावात कुणाच्या तरी यंत्राला आज हवी आहे.