पांढरा चहा : चवीला सौम्य, तरीही जपून घेण्याजोगा

‘पांढरा चहा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुधाचा चहा येतो. चिनी पांढऱ्या चहाचा मात्र दुधाशी संबंध नाही. त्याच्या कोवळ्या कळ्यांवर रुपेरी लव असते. तिच्यावरून हे नाव पडले. चीनच्या फुजियान प्रांतातील फुदिंग आणि झेंगहे ही या चहाची ख्यातनाम स्थाने होत.

‘बाय मुदान’ हा त्यातील एक लोकप्रिय प्रकार. वसंत ऋतूत एक कळी व तिच्यालगतची एक-दोन पाने खुडतात, ती पसरून कोमेजू देतात आणि मग वाळवतात. हिरव्या चहासारखे ती कढईत परतत नाहीत, की काळ्या चहासारखी वळतही नाहीत. म्हणूनच त्याची चव हलकी, किंचित गोडसर लागते.

करण्याची रीत

हा चहा उकळायचा नसतो. पाणी उकळून आच बंद करावी व झाकण काढून चार-पाच मिनिटे थांबावे. साधारण 80 ते 85 अंश सेल्सिअस तापमान पुरेसे होते. 200 मिलिलिटर पाण्यास सुमारे 3 ग्रॅम पाने घ्यावीत. पाने फुगीर व हलकी असल्याने चमच्याचे माप फसवते. शक्य तर वजन करावे. झाकून तीन-चार मिनिटे ठेवावे आणि गाळावे. दूध वा साखर नको. त्याच पानांवर आणखी एक-दोनदा पाणी घालता येते. मात्र प्रत्येक वेळी थोडा अधिक वेळ मुरू द्यावे. पेला कोमट झाल्यावरच ज्येष्ठांच्या हाती द्यावा.

कोणती काळजी घ्याल?

रंग फिका म्हणून कॅफीन नाही, असे समजू नये. कोवळ्या कळ्यांत ते चांगलेच असते. ज्यांची झोप मुळातच तुटक आहे, त्यांनी हा चहा सकाळीच घ्यावा. चहातील घटक अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात. रक्तक्षय असल्यास जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर राखावे. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे. मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यावे लागत असेल, तर पुन्हा मुरवलेला प्रत्येक पेलाही त्या हिशेबात धरावा.

हा चहा पहिल्या वर्षी चहा, तीन वर्षांनी औषध आणि सात वर्षांनी ठेवा होतो, असे चीनमध्ये म्हणतात. ते जुन्या चहाचे कौतुक आहे, उपचाराची हमी नव्हे. मधुमेही व्यक्तीला बिनसाखरेचा एक रुचकर पेला मिळतो, एवढा लाभ मात्र निश्चित आहे. तो आनंदाने घ्यावा. नेहमीची गोळी त्यापायी चुकवू नये.