जुन्या जीपचे ब्रेक : ड्रम काढून डिस्क बसवावे काय ?

महाड व पोलादपूर या तालुक्यांतील ज्या शेतकरी बंधूंच्या अंगणांत अद्यापि जुनी जीप उभी आहे, त्यांजपुढें केव्हां ना केव्हां एक प्रश्न येतोच. मूळचे ड्रम ब्रेक काढून त्यांच्या जागीं डिस्क ब्रेक बसवावे किंवा कसें ? आमचें उत्तर थोडक्यांत असें : भार घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीस हा बदल हितकर आहे, परंतु तो पुरा केला तरच. अर्धवट बसविलेला डिस्क ब्रेक हा नीट राखलेल्या ड्रम ब्रेकपेक्षां अधिक घातक होय. असें कां, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळची रचना पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या काळांत, जी विलीज जीप बनली व जिच्या वंशांतील गाड्या पुढें महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत वर्षानुवर्षें तयार केल्या, तिच्या चारी चाकांस ९ इंच व्यासाचे ड्रम असत. ड्रमच्या आंत दोन अर्धचंद्राकृति शू असतात. पॅडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून व्हील सिलिंडरांत जातें, शू फांकतात व त्यांवरील लायनर फिरत्या ड्रमला आंतून घासतात. येथें मास्टर सिलिंडर एकच व तेलाचा मार्गही एकच. म्हणून एका चाकाची नळी फुटली तरी चारी चाकांचा ब्रेक एकदम जातो.

आतां घाटांत काय होतें तें पाहावें. आंबेनळी घाटानें महाबळेश्वराहून पोलादपुरास येतांना गाडी सुमारें १,२०० मीटर खालीं उतरते. माल व माणसें धरून जीपचें वजन दीड टन मानिलें आणि तिचा वेग केवळ ब्रेकनेंच आवरला, तर या उतरणींत जी उष्णता निर्माण होईल ती सुमारें ६० लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेल. एवढी उष्णता चार लहान ड्रमांत कोंडली जाते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, म्हणून पॅडल खोल जाऊं लागतें. तापलेल्या लायनरची पकडही ढिली पडते. त्यांतच ब्रेक ऑईल जुनें असेल तर संकट दुणावतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट-३ जातीच्या नव्या तेलाची उकळण्याची मर्यादा निदान २०५ अंश सेल्सिअस असते; ओलावा मुरल्यावर ती १४० अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. तेल उकळून त्याची वाफ झाली कीं पॅडल दाबून वाफच तेवढी दबते, चाकापर्यंत जोर पोंचत नाहीं.

पावसाळ्यांतील अडचण निराळी. ओढा ओलांडतांना ड्रममध्यें पाणी शिरतें व तें सुकेपर्यंत ब्रेक धरीत नाहीं. चिखलणीच्या शेताचा गाळ आंत गेला तर लायनर व ड्रम दोन्हीही झिजवितो.

डिस्क ब्रेकमध्यें चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते व कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोहों बाजूंनीं चिमट्याप्रमाणें धरतात. चकती उघडी असल्यामुळें वाऱ्यानें लवकर निवते, पाणी फेंकून देते, आणि तापून फुगली तरी पॅडपासून दूर जात नाहीं. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वार गाडीनें डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हांपासून या ब्रेकची थोरवी सर्वत्र मान्य झाली.

परंतु या ब्रेकांत एक उणीव आहे व बहुतेक चुका तिच्याकडे दुर्लक्ष केल्यानें होतात. ड्रममधील पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेंच ड्रमवर अधिक आवळला जातो. म्हणजे चालकाच्या पायास चाकाची मदत मिळते. डिस्कमध्यें ही मदत नाहीं. म्हणून केवळ चकती व कॅलिपर बसवून मास्टर सिलिंडर जुनाच ठेविला, तर पॅडल दगडासारखें कठीण होतें आणि गाडी पूर्वीपेक्षां उशिरा थांबते.

सबब पुढील कामें एकत्रच करावीं. थांबतांना गाडीचा भार पुढील चाकांवर येतो, म्हणून डिस्क पुढें बसवावे. मागें चांगले ड्रम चालतात. कॅलिपर धरणारा आधार जाड पोलादी पत्र्याचा, कारखान्यांत मापानें कापलेला व मूळच्या बोल्टांच्या जागीं घट्ट बसणारा असावा. वेल्डिंगनें चिकटविलेल्या पट्टीवर जीव सोंपवूं नये. चाक फिरवून कॅलिपर रिमला घासत नाहीं हें पाहावें. मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा घ्यावा, म्हणजे एक मार्ग फुटला तरी दुसरा उरतो. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरांत तेलाचा थोडा दाब टिकविणारी झडप असते. ती डिस्कच्या मार्गांत राहिली तर पॅड चकतीस सदैव घासत राहून तापतात. उलट, जीपचा मास्टर सिलिंडर तळाशीं असल्यामुळें कॅलिपरमधील तेल मागें ओसरूं शकतें. तें थोपविण्यास २ पौंडांची हलकी झडप लागते. मागील चाकें आधीं जाम होऊन गाडी आडवी होऊं नये, यासाठीं मागील दाब कमी करणारी झडपही बसवावी.

शेवटीं बूस्टर. तो पायाचा जोर वाढवितो, पण त्यास निर्वात लागतो. पेट्रोल एंजिनांत तो आयता मिळतो. डिझेल एंजिनांत मिळत नाहीं, तेथें निराळा व्हॅक्यूम पंप हवा. शिवाय एंजिन बंद होतांच दोन-तीन दाबांत बूस्टरची मदत संपते. म्हणून डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर एंजिन बंद करण्याची किंवा गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची जी खोड कित्येकांस आहे, ती बूस्टर बसविल्यावर प्राणघातक ठरेल. ब्रेक कोणताही असो, घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकावा व वेग एंजिनानें आवरावा.

काम झाल्यावर तेलांतील हवा पूर्ण काढावी, पॅडल मिनिटभर जोरानें दाबून धरावें व तें खालीं बसत नाहीं याची खात्री करावी. मग मोकळ्या सपाट जागीं, नंतर भार घालून परीक्षा घ्यावी, घाट त्यानंतरच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वयें नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत फेरबदलास मनाई आहे. म्हणून काम हातीं घेण्यापूर्वीं पेण येथील परिवहन कार्यालयांत विचारून घेणें शहाणपणाचें.

ज्यांस एवढा खर्च झेपत नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. लायनर नवे, ड्रम गोल, चारी चाकांचे शू सारखे जुळविलेले, नळ्या गंजरहित आणि तेल ताजें असेल, तर जुना ब्रेकही सावध चालकास साथ देतो. दसऱ्यास आपण गाडीस हार घालतों; त्याच आठवड्यांत, पावसाळ्याचा ओलावा मुरलेलें तेल काढून नवें भरण्याचा परिपाठ ठेवावा. ब्रेकमध्यें एंजिनचें तेल मात्र कधींही घालूं नये. त्यानें रबरी वॉशर फुगून निकामी होतात. थोडा पैसा असेल तर प्रथम दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवावा व डिस्कचा विचार पुढील हंगामावर ठेवावा, असा आमचा सभासदांस आग्रहाचा सल्ला आहे.