दोन कायद्यांची एक चौकट

जालना जिल्ह्यात ‘हायब्रीड’ म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत संकरित वाणाची पिशवी परतूर तालुक्यातील आमच्या आष्टीच्या शिवारातही घरचीच झाली. सुडोकूच्या प्रांतातील हायब्रीडही अशाच संकरातून जन्मास आले आहे. मात्र येथे संकर होतो तो नियमांचा.

मूळ सुडोकूची वंशावळ फार मोठी नाही. हॉवर्ड गार्न्स या निवृत्त अमेरिकन वास्तुविशारदाने १९७९ साली रचलेले कोडे १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने उचलले, २००४ च्या नोव्हेंबरात ते लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये अवतरले आणि तेथून पाहता पाहता मराठी दैनिकांच्या पानांवर येऊन ठेपले. एक ते नऊ हे अंक प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि प्रत्येक तीन-बाय-तीन पेटीत एकेकदाच यावेत, एवढाच त्याचा कायदा. हायब्रीड म्हणजे संमिश्र सुडोकूत या कायद्यावर आणखी दोन-तीन कायदे चढविलेले असतात. तुटक रेषेने वेढलेल्या घरांचा ‘पिंजरा’ असतो आणि त्यातील अंकांची बेरीज कोपऱ्यात नमूद केलेली असते; फुग्यापासून टोकापर्यंत अंक चढतेच असले पाहिजेत अशी ‘तापमापी’ असते; कधी बुद्धिबळातील घोड्याच्या अडीच घरांच्या अंतरावर एकच अंक दोनदा येऊ नये असा मनाई हुकूमही असतो. साध्या सुडोकूचे उत्तर एकमेव असावयाचे तर निदान सतरा अंक छापलेले असावेच लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांनी २०१२ साली संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले. संमिश्र कोड्यात मात्र पुष्कळदा एकही अंक दिलेला नसतो, आणि कोरी चौकट पाहून नवखा मनुष्य तेथेच गर्भगळित होतो.

वस्तुतः त्याची खरी अडचण निराळीच असते. तो एकेक नियम घेऊन तो निःशेष होईपर्यंत राबवितो, पिंजऱ्यांचे दप्तर बंद करून मग तापमापीचे उघडतो, आणि या दोन दप्तरांतील नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याचे त्याच्या मनातही येत नाही. एक उदाहरण घेऊ. डाव्या वरच्या पेटीतील नऊही घरे तीन पिंजऱ्यांनी व्यापली आहेत, परंतु त्यांपैकी एका पिंजऱ्याचे एक घर हद्द ओलांडून शेजारच्या मधल्या पेटीत, वरून दुसऱ्या ओळीत, शिरले आहे. पिंजऱ्यांच्या बेरजा आहेत १४, १७ आणि २१, म्हणजे एकूण ५२. एक ते नऊ यांची बेरीज ४५ असल्यामुळे कोणत्याही पेटीचा जमाखर्च ४५ वरच मिटला पाहिजे. तेव्हा बाकी राहिलेले ७ त्या हद्दीबाहेरच्या घराचे, यात संशय उरत नाही. पिंजऱ्यांचा नियम येथे थकतो. पण तेच घर जर चार घरांच्या आडव्या तापमापीतील दुसरे घर असेल, तर सातापुढे चढती दोन घरे उरतात, आणि त्यांत आठ व नऊ यांवाचून दुसरे काही बसूच शकत नाही. आता मधल्या पेटीच्या उजव्या कडेला, सहाव्या स्तंभात, नऊ येऊन बसला. त्याच ओळीत नऊ पुन्हा येणार नाही, म्हणून उजव्या पेटीतील तीन घरे बाद झाली. घोड्याच्या नियमाने त्या पेटीच्या मधल्या स्तंभातील वरचे आणि खालचे घरही गेले. आणि जेथे अद्याप एकही अंक लिहिलेला नाही अशा त्या पेटीत नवाला चारच घरे मोकळी राहिली. आरंभी फक्त तीन बेरजा आणि एक रेषा हाती होती!

अशा ठिकाणी ‘अंदाजपंचे’ अंक भरून पुढे काय होते ते पाहणारे लोक असतात. त्यांचेही कोडे कधी कधी सुटते, परंतु अनुमानाने एक घर जिंकण्याचा आनंद त्यांच्या वाट्यास येत नाही, आणि कोडे चांगले रचलेले असेल तर त्याची आवश्यकताही नसते.

दोन नियम एकाच चौकटीत नांदवावयाचे हा प्रश्न मात्र सुडोकूहून दोनशे वर्षांनी जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात एका मराठी नावाचा मोठा मान आहे. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ऑयलर या थोर गणितज्ञाने विचारले होते, की सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौकोनात असे उभे करता येतील काय, की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकेकदाच येईल? पलटणींचा चौकोन एकटा सहज जमतो, हुद्द्यांचाही जमतो. पण पलटण आणि हुद्दा यांची प्रत्येक जोडी एकदाच यावयाची असल्यामुळे दोहोंना एकाच जागी बसविताना घात होतो. सहाच्या बाबतीत हे अशक्य आहे हे गास्तों तारी या फ्रेंच गृहस्थाने १९०० च्या सुमारास एकेक शक्यता तपासून सिद्ध केले. दहा, चौदा, अठरा अशा चारने भागल्यास दोन बाकी उरणाऱ्या सर्वच संख्यांच्या बाबतीत हे अशक्य असावे, असा ऑयलरचा तर्क होता, आणि पावणेदोनशे वर्षे तो जवळजवळ सिद्धान्ताच्या इभ्रतीने वावरला.

१९५९ साली राजचंद्र बोस आणि शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनी बावीसचा चौकोन रचून त्या तर्कास सुरुंग लावला. अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा रचला. आणि दोन व सहा एवढे अपवाद सोडल्यास ऑयलर सर्वत्र चुकला होता, हे तिघांनी मिळून दाखविले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागर येथे झाला. शिक्षण नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात झाले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा त्यांनी वाहिली आणि २०२० साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, ते निवर्तले. चौकोन रचताना चाचपडत घरे भरण्यापेक्षा बीजगणिताच्या आधारे अंकांची मांडणीच अशी करावयाची की दोन्ही कायदे आपोआप पाळले जावेत, ही त्या कामगिरीची खुबी होती.

दहाच्या चौकटीत परस्परांशी असे जुळणारे दोन चौकोन आज कोणीही विद्यार्थी कागदावर उतरवून घेऊ शकतो. त्या दोघांशी जुळणारा तिसरा चौकोन मात्र अद्याप कोणास सापडलेला नाही, आणि तो असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही.