परिचारिकेची संचिका : शिक्षणाची साक्ष, सेवेची शिदोरी

परिचारिकेची योग्यता केवळ गुणपत्रिकेवरून मोजता येत नाही. शरीररचनाशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थिनीला घाबरलेल्या वृद्ध रुग्णास धीर देऊन नीट इंजेक्शन देता येईलच असे नाही. उलट, हाताने कुशल असलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला आपण हे असेच का करतो, याचे उत्तर देता येत नाही. ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती या तिन्हींचा संगम म्हणजे परिचर्या. या तिन्हींची वाढ कशी होत गेली, हे एका ठिकाणी दाखविणारा दस्तऐवज म्हणजे विद्यार्थ्याची शैक्षणिक व व्यावसायिक संचिका. पोर्टफोलिओ या नावाने ती आता सर्वत्र ओळखली जाते. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलांची संख्याही वाढत आहे आणि पुढील विवेचन त्यांनाही तितकेच लागू आहे.

जुनीच परंपरा

संचिकेची कल्पना नवी वाटली, तरी तिची मुळे आधुनिक परिचर्येच्या प्रारंभापर्यंत जातात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धकाळात, १८५४ नंतर, स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात केलेल्या कार्यात शुश्रूषेइतकेच महत्त्व नोंदींना होते. सैनिक लढाईतील जखमांपेक्षा रोगराईने अधिक संख्येने दगावत होते, हे त्यांनी पुढे आकडेवारीच्या आधारे राज्यकर्त्यांना पटवून दिले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. तेथे प्रत्येक शिकाऊ परिचारिकेच्या वर्तनाची व कामातील प्रगतीची नोंद अधिसेविका दरमहा एका तक्त्यात करीत असे. वक्तशीरपणा, विश्वासूपणा, मलमपट्टीचे कौशल्य अशा बाबींसाठी त्यात निरनिराळे रकाने होते.

महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. विधवा व निराधार स्त्रियांसाठी या शिक्षणाने स्वावलंबनाचा मार्ग खुला केला. आजही खेड्यापाड्यांतील अनेक मुलींच्या बाबतीत हे शिक्षण घराच्या उत्कर्षाचे साधन ठरते. म्हणूनच त्या शिक्षणाचा पुरावा नीट जपणे अगत्याचे आहे.

संचिकेत काय असावे

सहायक परिचारिका प्रसविकेचा २ वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसविका हा ३ वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा ४ वर्षांचा, यांपैकी कोणताही अभ्यासक्रम असो, विद्यार्थ्यास अनेक नोंदवह्या ठेवाव्याच लागतात. कार्यपद्धतींची नोंदवही, रुग्ण-अभ्यास, परिचर्या आराखडे, औषधांची टिपणे, प्रसूतींचे केस बुक, सामुदायिक आरोग्याच्या काळातील कुटुंब-अभ्यास ही त्यांतील प्रमुख होत. बी.एस्सी. नर्सिंगसाठी २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून सत्र व श्रेयांक पद्धती लागू झाली आणि प्रत्यक्ष कौशल्यांच्या नोंदीस अधिकच महत्त्व आले. परंतु या वह्यांपैकी बऱ्याच परीक्षेनंतर महाविद्यालयाच्या कपाटात जातात किंवा वसतिगृह सोडताना हरवतात. संचिका ही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मालकीची असते व ती आयुष्यभर त्याच्याबरोबर राहते. या दोहोंतील फरक आरंभीच ध्यानी घ्यावा.

संचिकेचे साधारणपणे चार भाग करणे सोयीचे ठरते.

पहिला भाग कागदपत्रांचा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, अधिवास प्रमाणपत्र, प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, लसीकरणाची नोंद आणि पुढे नोंदणी प्रमाणपत्र यांच्या प्रती येथे क्रमाने लावाव्यात. सर्व कागदांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, हे वेळीच पाहावे. विवाहानंतर नाव बदलल्यास शासन राजपत्रातील प्रसिद्धीची प्रतही येथेच ठेवावी. नावातील एका अक्षराच्या फरकाने नियुक्तीचे काम अडून राहू शकते. मूळ प्रमाणपत्रे मात्र स्वतःजवळच ठेवावीत. पडताळणीसाठी ती दाखवावीत व परत घ्यावीत, कोणाकडेही दीर्घकाळ ठेवू नयेत.

दुसरा भाग प्रत्यक्ष कामाचा. कोणत्या वॉर्डात किती आठवडे व किती तास काम केले, तेथे कोणत्या कार्यपद्धती शिकल्या, याचा तक्ता येथे असावा. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाने दीर्घकाळ ३० गर्भवतींची तपासणी, २० नैसर्गिक प्रसूती आणि २० प्रसूत मातांची शुश्रूषा अशी किमान संख्या ठरवून दिली होती. या तक्त्यात प्रत्येक कार्यपद्धतीपुढे 'पाहिले', 'साहाय्य केले' आणि 'स्वतः केले' असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि ते काम पाहणाऱ्या परिसेविकेची किंवा पाठ्यनिर्देशिकेची स्वाक्षरी असावी.

तिसरा भाग निवडक लेखी कामाचा. सगळेच रुग्ण-अभ्यास जोडल्यास संचिका नुसती जाड होते. पहिल्या वर्षाचा एक आणि शेवटच्या वर्षाचा एक परिचर्या आराखडा शेजारी ठेवला, तर प्रगती आपोआप दिसते. आरोग्य शिक्षणाचा एखादा पाठ, त्यासाठी काढलेला तक्ता आणि गावातील कुटुंबाच्या पाहणीचा अहवाल येथे शोभून दिसतो. कार्यशाळा, राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, तसेच १९०८ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघाच्या विद्यार्थी शाखेतील सहभाग यांची प्रमाणपत्रेही येथे येतात.

चौथा भाग चिंतनाचा. संचिकेचा प्राण असलेला हा भाग बहुधा कोराच राहतो.

चिंतन म्हणजे काय

चिंतन-टिपण म्हणजे निबंध नव्हे. काय घडले, मी काय केले, काय राहून गेले आणि पुढच्या वेळी काय करीन, या चार प्रश्नांची सरळ उत्तरे त्यात असावीत. उदाहरणार्थ, औषधोपचार विभागात सकाळची पाळी आहे. मधुमेहाच्या एका वृद्ध रुग्णास ठरल्या वेळी इन्सुलिन दिले गेले, परंतु त्या दिवशी न्याहारी उशिरा आली. थोड्या वेळाने रुग्णास दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. विद्यार्थिनीने तत्काळ परिसेविकेस कळविले. तपासणीत रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळली. रुग्ण शुद्धीवर असल्याने त्यास साखरेचे पाणी पाजण्यात आले, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी झाली आणि धोका टळला.

या प्रसंगाची नोंद 'साखर कमी झाल्यावर उपचार केले' एवढीच केली, तर हाती काही लागत नाही. 'इन्सुलिन देण्यापूर्वी न्याहारी वॉर्डात आली आहे का, हे मी पाहिले नाही. यापुढे ते पाहिल्याखेरीज सुई हाती घेणार नाही' असे प्रांजळपणे लिहिले, तर ती ओळ पुढील अनेक रुग्णांचे रक्षण करील. आपली चूक स्वतःच्या अक्षरात लिहिण्यास धैर्य लागते. पाठ्यनिर्देशिकांनीही अशा टिपणाकडे शिक्षेचे निमित्त म्हणून पाहता कामा नये. चूक लिहिणाऱ्यास दंड झाला, तर पुढच्या वेळी चूक लपविली जाईल.

खोटी नोंद : कागदावरचे कौशल्य

येथेच एका गंभीर प्रश्नाचा विचार करणे प्राप्त आहे. विद्यार्थी अधिक आणि रुग्ण कमी अशी स्थिती असली, की आवश्यक संख्या भरून काढण्यासाठी वरच्या वर्गाच्या वहीतून नोंदी उतरवून घेण्याचा मोह होतो. जी प्रसूती लांबून पाहिली, ती 'स्वतः केली' या रकान्यात जाते. स्वाक्षरी करणाऱ्यासही गर्दीत विचारपूस करण्यास सवड नसते. वही पूर्ण होते, परीक्षा पार पडते आणि त्या क्षणी कोणाचेही नुकसान झालेले दिसत नाही.

नुकसान पुढे होते. जन्मलेले बाळ रडले नाही आणि श्वासही घेत नसेल, तर पहिल्या ६० सेकंदांच्या आत बॅग व मास्कने त्यास श्वास देणे सुरू व्हावे लागते. दूरच्या आरोग्य केंद्रात रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेस त्या मिनिटात वही उघडता येत नाही, कोणास विचारताही येत नाही. तिच्या वहीत ते कौशल्य पाच वेळा स्वाक्षरीनिशी नोंदलेले असेल, पण हाताने एकदाही केलेले नसेल, तर त्या खोट्या नोंदीची किंमत बाळाला मोजावी लागते. म्हणून रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच दाखवावा, पाठ्यनिर्देशिकेकडे ती संधी मागावी आणि तोवर प्रयोगशाळेतील पुतळ्यावर पुनःपुन्हा सराव करावा. प्रामाणिक रिकामा रकाना काय शिकायचे राहिले ते सांगतो. खोटा भरलेला रकाना शिकण्याचा मार्गच बंद करतो.

रुग्णाची गुप्तता

संचिका विद्यार्थ्याची असली, तरी तिच्यातील रुग्ण हा माणूस आहे. त्याचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक किंवा छायाचित्र संचिकेत येता कामा नये. वय, लिंग व निदान एवढे अभ्यासास पुरेसे असते. लहान गावात तेवढ्यावरूनही ओळख पटण्यासारखी असेल, तर तपशील आणखी कमी करावा. एच.आय.व्ही. बाधित व्यक्तीच्या माहितीची गुप्तता राखणे तर २०१७ च्या कायद्यान्वये बंधनकारक आहे. भ्रमणध्वनीवर वॉर्डातील छायाचित्रे काढून ती 'पुरावा' म्हणून जपणे हा रुग्णाच्या विश्वासाचा भंग होय.

पुढील वाटचाल

शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. त्यासाठी सेवेत असतानाही शिक्षण चालू ठेवणे अपेक्षित आहे. विद्यार्थिदशेतच संचिकेची सवय लागलेल्या परिचारिकेस ऐन वेळी प्रमाणपत्रे शोधत बसावे लागत नाही.

परदेशी सेवेच्या दृष्टीनेही हेच खरे आहे. ब्रिटनमध्ये २०१६ पासून प्रत्येक परिचारिकेस दर ३ वर्षांनी आपली नोंदणी कायम राखण्यासाठी किमान ४५० तासांचे काम, ३५ तासांचे शिक्षण आणि ५ चिंतन-टिपणे सादर करावी लागतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यात परिचर्येचाही समावेश आहे. जर्मनीत पात्रतेस मान्यता देताना भाषेच्या ज्ञानाबरोबरच कोणत्या विषयाचे व कोणत्या विभागातील किती तासांचे शिक्षण झाले, हे बारकाईने तपासले जाते. काही वर्षांनी हा तपशील नव्याने गोळा करणे कष्टाचे असते. वेळीच लिहून ठेवणे सोपे असते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक भक्कम फाइल, विषयवार दुभाजक, सर्व कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि आठवड्यातून अर्धा तास एवढे पुरे होते. रविवारी गणवेशाला इस्त्री करावी, त्याच नियमाने आठवड्याची नोंद पूर्ण करावी. महिना उलटला की तारखा विसरतात आणि स्वाक्षरी देणारी परिसेविका दुसऱ्या विभागात गेलेली असते.

अशा रीतीने वाढविलेली संचिका मुलाखतीच्या दिवशी निश्चितच उपयोगी पडते. तिचा खरा उपयोग मात्र त्याआधी, रोजच्या पाळीत होत असतो. आपणास काय येते आणि काय येत नाही, हे जिला ठाऊक आहे, ती परिचारिका जे येत नाही ते वेळेवर विचारते. अशा परिचारिकेच्या हाती रुग्ण सुरक्षित असतो.